माग कोणाचा, नक्षी कोणाची? मोबाइलची सिस्टिम बदलण्याचा इतिहास
(सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आयोजकांनी मला फोनवर दोनदा विचारलं, "सर, विषय नक्की हाच ना?" त्यांचंही बरोबर आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मोबाइलवर बोलायचं म्हणजे लोकांना वाटणार की म्हाताऱ्याला नातवाचं खेळणं सापडलं. पण विषय हाच आहे, आणि तो मला एका प्रश्नामुळे सुचला.

माझा एक फोन होता, चार वर्षं वापरलेला. तो हळूहळू मंद झाला. मग एकेक ॲप सांगायला लागलं की तुमची आवृत्ती जुनी आहे, आम्ही चालणार नाही. नवी पेठेत माझा एक जुना विद्यार्थी मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्या घरात तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी, आणि आईचं माहेर विजापूरकडचं, म्हणून कन्नडही. सोलापुरात अशी घरं आपल्याला नवीन नाहीत. त्याने फोन उघडून पाहिला आणि म्हणाला, "सर, फोनला काही झालेलं नाही. बॅटरी बरी आहे, काच बरी आहे. कंपनीनं याला सोडून दिलंय." सोडून दिलंय हा शब्द मी आजवर माणसांच्या बाबतीत ऐकला होता. मग तो म्हणाला, "दुसरी सिस्टिम टाकू का? कंपनीची नाही, लोकांनी बनवलेली." मी विचारलं, "अरे, चालतं का असं?" त्याने उलट मलाच विचारलं, "फोन कुणाचा आहे सर?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. त्याचं उत्तर शोधताना मला गेल्या काही वर्षांचा इतिहास वाचावा लागला. तोच आज सांगणार आहे.

सुरुवात आपल्या मागापासून करू. सोलापुरी चादर तुमच्या सगळ्यांच्या घरात आहे. तिच्यावरचा मोर, फूल, वेलबुट्टी येते कुठून? मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असतं. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात आणि ती कार्डं दोऱ्याने एकमेकांना ओवून त्यांची माळ केलेली असते. जिथे भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. मग बाणा घेऊन धोटा जातो. हे यंत्र फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या जोसेफ मारी जकार याचं, साधारण १८०४ सालचं. आपण त्याचं जकार्ड केलं. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला आज्ञा द्यायला हीच भोकांची कार्डं घ्यायचं ठरवलं. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने माणसं मोजायला भोकांची कार्डं वापरली. म्हणजे ज्याला आपण आज सॉफ्टवेअर म्हणतो, त्याच्या एका आजोबाचा खडखडाट अशोक चौकाच्या आसपास वाढलेल्या मुलांनी लहानपणापासून ऐकलेला आहे.

आता यातली एक गोष्ट लक्षात घ्या. माग विकत घेतला की त्यावर कोणती कार्डं लावायची हे मागवाला ठरवतो. मोराची काढून कमळाची लावली म्हणून माग विकणारा येऊन भांडत नाही. दुसऱ्याची नक्षी चोरली तर भांडण होईल, ते वेगळं. पण कार्ड बदलण्याचा हक्क मागाबरोबरच येतो. मोबाइलमध्ये नेमका हाच हक्क वेगळा काढून घेतलेला आहे. तो कसा, ते बघू.

फोन सुरू करताना बटण दाबलं की पहिल्यांदा चिपमध्येच कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रॅमची सही तपासतो. त्या पुढच्याचं नाव बूटलोडर. बूटलोडर मग मुख्य सिस्टिमची सही तपासतो आणि बरोबर असेल तरच तिला उभं करतो. सही म्हणजे गणिती सही, तिची किल्ली कंपनीकडे. राजवाड्याच्या देवड्या असतात ना, प्रत्येक देवडीवर पहारेकरी, तसंच हे. वेगळी सिस्टिम टाकायची असेल तर आधी बूटलोडरच्या देवडीवरचं कुलूप उघडावं लागतं. काही कंपन्या ते उघडू देतात, काही वाट पाहायला लावतात, काही अजिबात उघडू देत नाहीत. आणि उघडलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, मेसेज, सगळं. यात दुष्टपणा नाही. चोराने कुलूप उघडून तुमचा माल वाचू नये म्हणून ती सोय आहे.

गंमत अशी की ज्या सिस्टिमला हे कुलूप आहे, ती मुळात खुली आहे. ॲन्ड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते लिहायला घेतलं, आणि ते आहे जीपीएल नावाच्या परवान्याखाली. या परवान्यामागचा माणूस रिचर्ड स्टॉलमन. त्याच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत एक प्रिंटर आला, त्यात कागद अडकायचा. प्रोग्रॅम मिळाला असता तर कागद अडकल्याची सूचना सगळ्यांना जाईल अशी दुरुस्ती त्याने केली असती. पण प्रोग्रॅम द्यायला नकार मिळाला. त्याचं म्हणणं साधं होतं: वस्तू माझ्यासमोर आहे, दोष मला दिसतोय, दुरुस्त करायची अक्कल मला आहे, आणि तरी मला हात लावता येत नाही. १९८३ मध्ये त्याने मुक्त सॉफ्टवेअरची घोषणा केली.

पहिला ॲन्ड्रॉइड फोन बाजारात आला २००८ च्या ऑक्टोबरमध्ये. मूळ ॲन्ड्रॉइडचा प्रोग्रॅम गूगलने सगळ्यांसाठी खुला ठेवला. लगेच हौशी मंडळींनी त्यात फेरफार सुरू केले. त्यातला एक अमेरिकेतला स्टीव्ह कोंडिक, टोपणनाव सायनोजेन. त्याच्या आवृत्तीचं नाव पडलं सायनोजेनमॉड. २००९ मध्ये गूगलने त्याला कायदेशीर पत्र धाडलं. सिस्टिम खुली आहे, पण जीमेल, मॅप, मार्केट ही आमची ॲप्स आहेत, ती तू वाटू शकत नाहीस. कोंडिकने ती काढून टाकली आणि काम चालू ठेवलं. घर लोकांचं, पण घरातली भांडी कंपनीची, हा तिढा तेव्हापासूनचा. तो आजही तसाच आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडच्या मुलांनी फोनची सिस्टिम उचकटायला सुरुवात केली, त्याला एक कारण असं होतं जे अमेरिकेतल्या मुलाला सुचलंही नसतं. ते कारण म्हणजे अक्षरं.

तुमच्यापैकी ज्यांनी सुरुवातीचे ॲन्ड्रॉइड फोन वापरले त्यांना आठवत असेल. मराठी बातमी उघडली की चौकोन दिसायचे. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन. फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. काहींनी ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये एक आडवाटेची सेटिंग शोधली होती. ती चालू केली की अक्षरांची चित्रं दूरच्या सर्व्हरवर तयार होऊन यायची. दुसरा मार्ग म्हणजे फोन रूट करायचा, म्हणजे सिस्टिमच्या आतल्या खोलीत शिरण्याची परवानगी मिळवायची, आणि तिथे देवनागरी फॉन्टची फाइल ठेवायची.

पण नुसता फॉन्ट पुरत नाही. 'विठ्ठल' हा शब्द घ्या. व नंतर इकार, मग ठ, हलन्त, पुन्हा ठ, शेवटी ल, या क्रमाने तो साठवलेला असतो. पण इकार दाखवायचा असतो व च्या डाव्या बाजूला, आणि दोन ठ एकमेकांना जोडायचे असतात. हे जोडकाम करणारा प्रोग्रॅम वेगळा लागतो. तो नसेल तर इकार भलतीकडे जातो, हलन्ताचा पाय लोंबतो, आणि पंढरीचा पांडुरंग ओळखू येत नाही. त्यात आपल्या मराठीची आणखी एक अडचण. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांतला आडवा र. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, त्यामुळे हिंदी नीट दिसली तरी मराठी नीट दिसेलच असं नाही. आणि 'ॲ' हे अक्षर? ते एक स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलंच २००८ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी ॲन्ड्रॉइड बाजारात आलं, त्याच वर्षी त्याच्या नावाचं पहिलं अक्षर मराठीत संगणकाला एका चिन्हात लिहिता यायला लागलं.

यात महाराष्ट्राचं काम मोठं आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचं बरंच काम तिथे झालं. लोहित नावाचे फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅट कंपनीने ते २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सोडले. म्हणून ते कुणालाही घेता आले, सुधारता आले, फोनमध्ये टाकता आले. पुढे ॲन्ड्रॉइडमध्येच देवनागरी आली, २०१२ च्या ४.१ आवृत्तीत कन्नड आणि तेलुगू नीट दिसू लागली. आणि २०१४ च्या ५.० आवृत्तीत फोनचे सगळे मेनू मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूमध्ये एकदमच आले. सोलापूरच्या तिन्ही भाषांना एकाच पंगतीत वाढलं असं म्हणा ना.

याच सुमारास आपल्या राज्यातून एक वेगळा प्रयत्न झाला. मुंबईत आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी ॲन्ड्रॉइडवरच आधारलेली, भारतीय भाषांसाठी बनवलेली सिस्टिम काढली. आधी नाव फर्स्टटच, मग इंडस ओएस. इंग्रजी मेसेजवर बोट फिरवलं की तो आपल्या भाषेत किंवा आपल्या लिपीत दिसायचा. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनमध्ये ती आली. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला मध्यभागी ठेवून सिस्टिम घडवायची, हा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे ही कंपनी फोनपेकडे गेली आणि २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर निघालं. म्हणजे सिस्टिम गेली, दुकान उरलं.

आणि आता या इतिहासातलं खरं नाट्य. तेही भारतातलं. कोंडिक आणि मंडळींनी २०१३ मध्ये कंपनी काढली, सायनोजेन इन्कॉर्पोरेटेड. २०१४ मध्ये वनप्लस या चिनी कंपनीचा पहिला फोन त्यांची सिस्टिम घेऊनच आला. डिसेंबर २०१४ मध्ये तो भारतात विकायला लागला. पण सायनोजेनने भारतापुरता एकाधिकार आधीच मायक्रोमॅक्सला देऊन टाकला होता! मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने वनप्लसला मनाई केली, त्याच महिन्यात खंडपीठाने ती उठवली. मधल्या काळात मायक्रोमॅक्सच्या यू या ब्रँडचा युरेका फोन ८,९९९ रुपयांना जाहीरही झाला. विचार करा. जी गोष्ट 'कुणीही घ्या, कुणीही बदला' म्हणून जन्मली, तिच्यावर सहा वर्षांत 'या देशात फक्त मीच' असा दावा न्यायालयात उभा राहिला.

शेवट काय झाला? वनप्लसने स्वतःची सिस्टिम केली. सायनोजेन कंपनीने २०१६ च्या डिसेंबरअखेर सेवा बंद केल्या. कंपनी मेली. पण प्रोग्रॅम खुला होता, तो मेला नाही. त्याच हौशी लोकांनी तो उचलला आणि नवं नाव दिलं, लिनिएज ओएस. लिनिएज म्हणजे वंश, परंपरा. माझ्या विद्यार्थ्याने मला दाखवली ती हीच.

आता माझ्या मूळ धंद्याकडे वळतो. फोन कुणाचा?

सोलापुरातून पूर्वेला हैदराबादच्या रस्त्याने जाताना उमरग्याच्या पुढे बसवकल्याण लागतं. जुनं कल्याण. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात तिथे विज्ञानेश्वर नावाचा पंडित होऊन गेला. याज्ञवल्क्य स्मृतीवर त्याने मिताक्षरा टीका लिहिली. ज्यांच्या घरी वाटणीचा दावा झाला असेल त्यांनी वकिलाच्या तोंडून हे नाव ऐकलं असेल. त्यात त्याने एक मूलभूत प्रश्न घेतला आहे. स्वत्व, म्हणजे मालकी, ही शास्त्राने सांगितल्यामुळे असते की लोकव्यवहारातून? त्याचं उत्तर आहे, लोकव्यवहारातून. कारण ज्यांनी शास्त्र कधी पाहिलं नाही असे सीमेवरचे लोकही खरेदी-विक्री करतात, आणि आपलं काय, परक्याचं काय, हे त्यांना कळतं.

पुढे नैयायिकांनी विचारलं, ठीक आहे, पण स्वत्व म्हणजे नेमकं काय? एक व्याख्या अशी केली गेली की जी वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वापरण्यास योग्य, ती आपली. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने ही व्याख्या मोडून काढली. तो म्हणतो, वापरता तर दुसऱ्याचं अन्नही येतं की! तुम्ही म्हणाल, शास्त्राने परक्याचं अन्न खायला मनाई केली आहे. पण मग 'परक्याचं' हे तुम्ही आधीच गृहीत धरलंत. म्हणून वापराच्या क्षमतेवरून मालकी सिद्ध होत नाही, स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच मानला पाहिजे.

मला वाटतं, मोबाइल हे रघुनाथाच्या युक्तिवादाचं उलट टोक आहे. तिथे प्रश्न होता, वापरता येतं तरी ते माझं नाही. इथे वस्तू माझी आहे, पावती माझ्या नावाची आहे, तरी मला ती हवी तशी वापरता येत नाही. हातोडा घेऊन मी माझा फोन फोडू शकतो, कुणी अडवणार नाही. पण त्यातला प्रोग्रॅम बदलू गेलो की देवडीवरचा पहारेकरी सही मागतो. नाश करण्याचा अधिकार माझ्याकडे, सुधारण्याचा दुसऱ्याकडे. ही विचित्र मालकी आहे. कायद्याच्या भाषेत फोन विकला जातो, प्रोग्रॅम विकला जात नाही, वापरायला दिला जातो. एका वस्तूत दोन मालक नांदतात, आणि एक मालक वर्ष-दोन वर्षांनी घर सोडून जातो, जाताना किल्ली मात्र घेऊन जातो.

कायदा अगदीच विरोधात आहे असं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वैयक्तिक, बिनधंद्याच्या वापरासाठी प्रोग्रॅमच्या कायदेशीर मिळवलेल्या प्रतीत फेरबदल करायला मुभा देतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्यात एक आक्षेप असा होता की फोन बनवणाऱ्यांनी ॲन्ड्रॉइडच्या वेगळ्या शाखा काढू नयेत, अशा अटी त्यांच्यावर घातल्या जातात. अपिलात आयोगाच्या काही सूचना रद्द झाल्या, दंड कायम राहिला. युरोपात जून २०२५ पासून कंपन्यांवर काही वर्षं अपडेट देत राहण्याचं बंधन आलं आहे.

पण दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. मी विद्यार्थ्याला म्हणालो, "तू सांग, करतो मी." फाइल निवडताना मी माझ्या मॉडेलऐवजी नावाने जवळपास सारख्या दुसऱ्या मॉडेलची घेतली. फोन कंपनीच्या चिन्हावर जो अडकला तो अडकलाच. चूक सर्वस्वी माझी. आयुष्यभर मुलांना शिकवलं की नाम आणि वस्तू यांत गल्लत करू नका, आणि बहात्तराव्या वर्षी तेच केलं. विद्यार्थ्याने हसू दाबलं, तासभर बसून फोन पुन्हा जिवंत केला. फोन छान चालू लागला, अगदी नव्यासारखा. पण माझं बँकेचं ॲप उघडेना. हा फोन सुरक्षित नाही म्हणे. पेन्शन त्याच खात्यात येते.

मी आधी चिडलो. मग विचार केला. बँकेला माझ्या फोनमध्ये कुणी भलता प्रोग्रॅम बसवलेला नाही ना, हे कळलं पाहिजे. फसवणुकीच्या बातम्या आपण रोज वाचतो, आणि फसतात ते बहुतेक माझ्या वयाचे. फोन एकट्याचा असला तरी व्यवहार दोघांचा असतो. ते कुलूप मलाही राखत होतं. त्यामुळे कुलूप नकोच असं माझं म्हणणं नाही. घराला कुलूप हवंच. त्याची किल्ली घरमालकाकडे असावी, आणि किल्ली वापरली म्हणून त्याला चोर समजू नये, एवढंच म्हणणं आहे.

सध्या माझ्याकडे दोन फोन आहेत. नव्यावर बँक आणि पेन्शन. जुन्यावर मी ज्ञानेश्वरी वाचतो, रात्री, मोठ्या अक्षरात. त्याला दर महिन्याला सुधारणा येते. जगात कुठेतरी बसलेला कुणी अनोळखी माणूस, मला न ओळखता, पैसे न घेता, कंपनीने सोडून दिलेल्या या फोनकडे लक्ष ठेवून आहे. एवढं सांगून थांबतो.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन.)

प्रश्न: सर, मग आम्ही सगळ्यांनी फोनमध्ये अशी सिस्टिम टाकावी का?

उत्तर: नाही. एकच फोन असेल आणि त्यावर बँक असेल तर अजिबात नको. कपाटात पडलेला जुना फोन असेल तर करून बघा. आधी सगळा डेटा दुसरीकडे काढून ठेवा, मॉडेलचं नाव तीनदा वाचा, आणि माहीतगार माणूस शेजारी बसवा. आयएमईआय क्रमांकाला मात्र कुणी हात लावू देऊ नका, तो बदलणं हा गुन्हा आहे.

प्रश्न: सरकारने भारतीय सिस्टिम काढली तर प्रश्न सुटेल का?

उत्तर: २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखाली भारओएस आली. तीही खुल्या ॲन्ड्रॉइडवरच उभी आहे. प्रयत्न चांगलाच आहे. पण माझा प्रश्न सिस्टिम कुठल्या देशाची हा नाही. कुलपाची किल्ली परदेशी कंपनीकडून देशी कंपनीकडे गेली, तर विणकराला काय फरक पडला? कार्ड बदलायला त्याला तेव्हाही विचारावंच लागणार. ते विचारावं लागू नये, हे आधी बघा.